वस्तीचं दळण आणि तुमची साक्ष

पत्र

ताई, नमस्कार. मराठवाड्यातल्या एका लहान गावात माझी पिठाची गिरणी आहे. यंदा 14 एप्रिलला वस्तीतल्या पोरांनी बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक पहिल्यांदाच पेठेतल्या रस्त्याने आणली. परवानगी होती, बंदोबस्तही होता. पोलीस गेल्यावर रात्री माझ्या गिरणीसमोर सात-आठ जणांनी वस्तीतल्या एका पोराला गाठलं. जातीवरून शिव्या दिल्या, काठीने मारलं, पुन्हा या रस्त्याने आलात तर बघून घेऊ म्हणाले. मी शटर ओढत होतो. सगळं पाहिलं, ऐकलं. गिरणीवर कॅमेरा आहे. पोरगा ठाण्यात गेला तर किरकोळ भांडण म्हणून एन.सी., म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी पारावर बैठक होऊन ठरलं की वस्तीचं दळण दळायचं नाही, किराणा द्यायचा नाही, शेतात कामाला बोलवायचं नाही. मी त्यांच्या समाजाचा नाही. वस्तीतल्या बायका डबे घेऊन येतात आणि मी लाइट नाही सांगून परत पाठवतो. तंटामुक्तीचे अध्यक्ष म्हणतात, मिटवून टाकू, तू पण येऊन सही कर. मुलीचं लग्न ठरलंय, सगळे सोयरे याच पट्ट्यातले. मी मध्ये पडावं का?
– एक गिरणीवाला

उत्तर

दादा, नमस्कार.

आधी कॅमेऱ्याचं बघा, बाकीचं पत्र नंतर वाचा. गिरणी-दुकानांवरच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र, जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं रेकॉर्डिंग घेतो. हार्डडिस्क लहान असेल तर पंधरा दिवसांतच. तुमचं पत्र लिहून झाल्यापासून किती दिवस गेलेत ते तुम्हालाच ठाऊक. ज्याने कॅमेरा बसवला त्याला तालुक्याहून बोलवा आणि त्या रात्रीचा भाग, घटनेच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत, पेनड्राइव्हवर काढून घ्या. त्यात काटछाट करू नका. व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका, विश्वासातल्या माणसालाही नको. फिरलेल्या क्लिपमुळे गावात आग लागते आणि कोर्टात तिच्यावरच शंका घेतली जाते. शक्य असेल तर डीव्हीआरमधली मूळ हार्डडिस्कच काढून बाजूला ठेवा, नवी बसवा. पोलीस ती पंचनामा करून घेतील, तेव्हा पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

मूळ डिस्कचा आग्रह का धरते, ते आपल्याच भागातल्या एका खटल्यावरून सांगते. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा प्रश्न होता. 2020 मध्ये न्यायालयाने सांगितलं, की नक्कल द्यायची असेल तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागेलच. मूळ यंत्रच हजर केलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर लागणार नाही. आता भारतीय साक्ष्य अधिनियम या पुराव्याच्या कायद्यात, कलम 63 साठी, त्या प्रमाणपत्राचा नमुना परिशिष्टात दिलेला आहे. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. तुमच्या बाबतीत यंत्राचे मालक तुम्ही आणि डोळ्यांनी पाहणारेही तुम्हीच. असा साक्षीदार वकिलाला शोधून सापडत नाही.

मध्ये पडावं का, असं तुम्ही विचारलंत. दादा, तुम्ही मध्ये आहातच. घटना तुमच्या दारात घडली आणि बहिष्कार तुमच्या हातून चाललाय. बाई डबा घेऊन आली आणि लाइट नाही म्हणून तुम्ही परत पाठवलीत, तेव्हा पारावरच्या बैठकीचा हुकूम तुम्ही बजावलात. हे दुखवायला लिहीत नाही. कायदा याकडे कसा बघतो हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं किंवा तशी धमकी देणं हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंध कायद्याखाली, म्हणजे आपण ज्याला ॲट्रॉसिटी म्हणतो त्याखाली, सहा महिने ते पाच वर्षं शिक्षेचा गुन्हा आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकायला किंवा सेवा द्यायला नकार देणं 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यापासूनच गुन्हा आहे. दळण दळून देणं ही सेवाच. उद्या वस्तीतल्या कुणी बहिष्काराची फिर्याद दिली तर पारावर बोलणाऱ्यांची नावं मागे राहतील आणि गिरणीवाला पुढे येईल, कारण डबे परत गेले ते तुमच्या दारातून.

म्हणून उद्या सकाळपासून दळण सुरू करा. सगळ्यांचं, नंबराने, नेहमीच्या भावात. कुणी अडवायला आलं तर वाद घालू नका. कोण आलं, काय म्हणालं, किती वाजता, हे वहीत लिहून ठेवा. गिरणीची उधारीची वही असतेच, तिच्याशेजारी ही दुसरी.

आता त्या रात्रीबद्दल. ‘किरकोळ भांडण’ हे शब्द ठाण्यात फार सहज लिहिले जातात आणि त्यांनी फार नुकसान होतं. दोन शेजाऱ्यांची बांधावरून मारामारी होते तेव्हा वाद त्या दोघांचा असतो. त्या पोराशी या सात-आठ जणांचा व्यवहाराचा काही वाद होता का? तुमच्या पत्रात तरी तसं नाही. मिरवणूक त्या रस्त्याने आली म्हणून त्याला मारलं, आणि तो हाताशी सापडला म्हणून तो. दुसरा सापडला असता तर दुसऱ्याला मारलं असतं. मार एकाने खाल्ला, पण निरोप घराघरात गेला: कुठल्या रस्त्याने चालायचं ते आम्ही ठरवणार. द्वेषातून केलेला गुन्हा असा ओळखायचा. जखम टाके घालण्याइतकी आहे की नुसता मुका मार आहे, यावर त्याचं वजन ठरत नाही. हा निरोप किती पुढे जाऊ शकतो ते तुमच्याच मराठवाड्यात दिसलं आहे. नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत जून 2023 मध्ये एका तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती काढल्याचा राग त्यामागे होता, असा आरोप त्याच्या घरच्यांनी केला.

ॲट्रॉसिटी कायद्यात या सगळ्याला जागा आहे. लोकांच्या नजरेसमोर जातीवरून शिवी देणं, अपमान करणं. सार्वजनिक रस्ता वापरू न देणं. धार्मिक, सामाजिक, सांस्कृतिक मिरवणूक काढायला अडवणं, त्यात जत्रासुद्धा स्पष्ट लिहिली आहे. या समाजांना वंदनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अवमान करणं, म्हणजे त्या रात्री बाबासाहेबांबद्दल कुणी वाईट बोललं असेल तर तो वेगळा गुन्हा. हे सगळे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवून तपास करायचा. यात एन.सी. बसतच नाही. 2018 मध्ये कायद्यात घातलेल्या 18-अ कलमाप्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. नियमाप्रमाणे तपास डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही, तेव्हा ठाणे अंमलदाराने हे परस्पर ‘भांडण’ ठरवून मिटवणं चुकीचंच आहे. फिर्याद लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, प्रत लगेच द्यायची, हे याच कायद्याच्या कलम 4 मध्ये त्यांचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. ते जाणूनबुजून टाळणाऱ्या सरकारी नोकराला, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे.

आणि इथे तुमचा संबंध येतो. कायद्याचे शब्द आहेत ‘लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी’. बंद घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी नसताना दिलेल्या शिवीला हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये एका खटल्यात म्हटलं आहे. म्हणजे बघणारा कुणीतरी हवा. त्या रात्री तो बघणारा तुम्ही होतात. वस्तीतले साक्षीदार उभे राहिले तर समोरचा वकील म्हणणार, हे सगळे एकमेकांचे भाऊबंद. तुम्ही त्यांचे नातेवाईक नाही, त्यांच्या समाजाचे नाही, तुमचा त्यात फायदा नाही, उलट तोटाच आहे. तुमच्या एका वाक्याचं वजन वस्तीतल्या दहा जबाबांपेक्षा जास्त धरलं जाईल. हे न्याय्य आहे असं मला वाटत नाही. वस्तीतल्या माणसाच्या शब्दालाही तेवढंच वजन असायला हवं. पण आज कोर्टात काय होतं, ते तुमच्यापासून लपवून सल्ला कसा देऊ?

साक्षीदार मागे हटले की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एप्रिल 2014 मध्ये शाळेत शिकणाऱ्या एका दलित मुलाला भरदिवसा मारून टाकलं. राज्यभर मोर्चे निघाले. नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. त्याआधी भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी, 29 सप्टेंबर 2006. एका कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. शिक्षा झाल्या, पण खालच्या कोर्टात आणि 2010 मध्ये नागपूर खंडपीठातही ॲट्रॉसिटीची कलमं टिकली नाहीत. आधीच्या वादातून घेतलेला सूड असं धरलं गेलं. जातीचा भाग पहिल्या दिवसापासून, पहिल्या कागदावर, स्पष्ट शब्दांत यावा लागतो. तो मागाहून चिकटवता येत नाही.

म्हणून पोराच्या घरी जा. एकटे जा, संध्याकाळी, आणि सांगा की मी पाहिलंय आणि मी जबाब देईन. आधी हे करा, मग ठाणं. फिर्याद द्यायची की नाही, कधी, कुणाच्या नावाने, हे त्याने आणि त्याच्या घरच्यांनी ठरवायचं. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुणीही देऊ शकतो, तुम्हीसुद्धा. पण तुम्ही परस्पर गुन्हा नोंदवून मोकळे व्हाल आणि रात्री दगड त्यांच्या पत्र्यावर पडतील. त्यांना काय हवंय, कशाची भीती आहे, ते विचारा आणि ऐकून घ्या. कदाचित ते तुमच्यावर चिडतील, डबे परत गेलेत ना. चिडू द्या.

ते तयार असतील तर पुढचं सांगते, त्यांनाही वाचून दाखवा. फिर्यादीत शिवी जशीच्या तशी लिहायची. लाज वाटते, लिहिताना हात थांबतो, आणि पोलीसही ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढं लिहून पुढे सरकतात. तेवढ्याने भागत नाही. कोण, कुठल्या शब्दांत, कुणासमोर बोललं हे हवं, आणि तुमच्या जबाबातही तेच. गावात पसरलेला एक गैरसमजही दूर करा: ‘ते तर बौद्ध झालेत, त्यांना कुठली ॲट्रॉसिटी?’ 1990 पासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही तोच दर्जा आहे. जातीचा दाखला हाताशी नाही म्हणून फिर्याद अडवता येत नाही, तो नंतर देता येतो. मार लागल्याची वैद्यकीय तपासणी झाली नसेल तर आजही ग्रामीण रुग्णालयात जाऊन करून घ्यावी. वळ फिके झाले तरी डॉक्टर जे दिसेल ते लिहितात. त्या दिवशीचे कपडे धुतले नसतील तर तसेच ठेवावेत.

ठाण्याने पुन्हा टाळलं, तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, पोच घेऊन किंवा रजिस्टर पोस्टाने. तिथेही हललं नाही तर थेट विशेष न्यायालयात जाता येतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. गावच्या ठाण्यात बीट जमादार आरोपींच्या घरी चहा पिणारा असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन द्या. 14566 हा या कायद्यासाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, त्यावर तक्रार नोंदवली की तिचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. रात्री-अपरात्री वस्तीवर कुणी चालून आलं तर 112. आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात एक प्रत द्या, कारण पीडितांना मिळणारं अर्थसहाय्य तिथून हलतं. गुन्ह्याच्या प्रकाराप्रमाणे ते 85 हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे, टप्प्याटप्प्याने मिळतं आणि ती भीक नाही, नियमात लिहिलेला हक्क आहे. गावात लगेच ‘पैशासाठी केस केली’ म्हणतील. ज्याचं काम बंद, किराणा बंद, त्याने कोर्टाच्या तारखांना जायचं कशावर?

‘ॲट्रॉसिटीचा गैरवापर होतो’ हे तर पारावर रोज ऐकत असाल. त्याबद्दलही बोलते. खोट्या केसेस कुठल्या कायद्यात होत नाहीत? मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेआधी परवानगी आणि प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या होत्या, त्या खटल्याचं मूळ आपल्या कराडचं. संसदेने त्याच वर्षी 18-अ कलम आणलं, आणि 1 ऑक्टोबर 2019 ला न्यायालयाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले. एखादा समाज खोट्या फिर्यादी करतो असं जातीवरून गृहीत धरता येणार नाही, हा त्यामागचा विचार. आरोपी सुटतात त्यातल्या किती ठिकाणी तपास ढिला होता, किती ठिकाणी साक्षीदार फुटले, हे पारावर कुणी मोजत नाही. आणि तुमच्या गावातली केस खरी की खोटी, हे वस्तीबाहेरच्यांत तुमच्याइतकं पक्कं कुणाला माहीत आहे?

तंटामुक्तीच्या बैठकीला जाऊ नका. सहीचा तर प्रश्नच नाही. बांधाचे, पाण्याचे, भाऊबंदकीचे वाद गावात मिटावेत म्हणून ती मोहीम 2007 साली सुरू झाली आणि तिने पुष्कळ चांगलं कामही केलं आहे. पण हा तंटा नाही. यातले गुन्हे आपसात तडजोड करून मिटवण्यासारखे कायद्याने ठेवलेलेच नाहीत. अशा बैठकीत काय होतं, ते तुम्हीही जाणता. पोराच्या बापाला मधोमध बसवतात, ‘आपल्याला इथंच राहायचंय’ म्हणतात, नारळ फोडतात, आणि बाँडपेपरवर ‘गैरसमजातून झालं’ लिहून घेतात. पुढे तोच कागद कोर्टात त्याच्याविरुद्ध येतो. खाली पंच म्हणून तुमची सही असेल तर तुमची साक्ष त्याच दिवशी संपली. अध्यक्षांना सांगा, ‘मी साक्षीदार आहे, मला बैठकीला बसता येणार नाही.’ एवढंच वाक्य. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेवढंच.

गावाची बदनामी होईल, असं कुणी म्हणेल. गावाची चिंता करणाऱ्यांनी पारावर त्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं.

तुमच्या स्वतःच्या संरक्षणाचं. पोलीस तुमचा जबाब घेतील, पण त्यावर तुमची सही नसते आणि तो पुढे बदलायला तुमच्यावर दबाव येईल. तपास अधिकाऱ्याला सांगून जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्या, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते 164 होतं. एकदा तिथे शपथेवर बोललात की तुम्हाला फोडायला येणाऱ्यांचा उत्साह बराच कमी होतो. धमकी आली, तर साक्षीदाराला खोटी साक्ष द्यायला धमकावणं हाही वेगळा गंभीर गुन्हा आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या 15-अ कलमात पीडितांबरोबर साक्षीदारांनाही संरक्षण आणि तारखांना येण्याजाण्याचा खर्च आहे. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. तुमच्याविरुद्ध उलटी तक्रार येण्याची तयारीही ठेवा: मापात मारतो, बायकांशी नीट बोलत नाही, काहीही. म्हणून तो कॅमेरा चालू राहू द्या.

आणि मुलीचं लग्न. ही भीती मी लहान मानत नाही. उद्या तुमच्याच समाजातल्यांनी तुमच्या घरी येणं-जाणं तोडलं, लग्नाला जायचं नाही असं ठरवलं, तर महाराष्ट्रात त्यासाठीच स्वतंत्र कायदा आहे, 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी. जात-पंचायतींच्या जाचातून तो आला आणि अशा बंदीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आहे. पण कायद्याने वऱ्हाड येत नसतं, हे मलाही कळतं. तेव्हा व्याह्यांना इतरांकडून कळण्याआधी तुम्हीच सांगा. जाऊन, समोर बसून. मुलीला आणि तिच्या आईला त्याहीआधी. आठवडाभर शटर अर्धं का, हे त्यांनी विचारलं नसेल असं मला वाटत नाही. बहुतेक सोयरे सुरुवातीला घाबरतात आणि तारीख जवळ आली की येतात. एखादे येणार नाहीत. सोयरीकच मोडायला निघाले, तर लेक कुठल्या घरात चालली होती ते लग्नाआधी कळलं.

या सदराच्या बाकी वाचकांसाठी थोडं. प्रत्येक वेळी पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेलच असं नाही. समाज, वैयक्तिक श्रद्धा, भाषा, जन्मस्थान यांवरून कुणाला गाठून मारलं तर भारतीय न्याय संहितेत कलमं आहेत. पाच किंवा अधिक जणांनी मिळून अशा कारणावरून खून केला तर 103(2) खाली जन्मठेप किंवा फाशी, गंभीर दुखापत केली तर 117(4) खाली सात वर्षांपर्यंत. दोन समाजांत वैर पसरवणारी भाषणं, पोस्ट यांना 196. परप्रांतातून आलेला कामगार असो की शहरात शिकायला आलेली ईशान्येकडची मुलगी, पाहणाऱ्याने करायचं ते हेच: चित्रण जपा, शब्द लिहून ठेवा, त्या माणसाला विचारा, मग ठाण्यात जा.

दादा, अधीक्षक कार्यालयात जाताना बरोबर काय न्यायचं ते सांगते. पोराच्या एन.सी.ची प्रत, वैद्यकीय कागद, पेनड्राइव्ह, तुमच्या वहीतल्या नोंदींची झेरॉक्स, बहिष्काराची बैठक कधी-कुठे झाली आणि कोण बोललं त्याचा एक कागद, आणि त्या कुटुंबातलं कुणीतरी. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडा. तपास अधिकारी कोण नेमला, ते मला कळवा. मग जबाबाच्या आधी कुठले प्रश्न येतील ते सविस्तर लिहीन.

– तुमची ताई